माळ्यावरचा रेडिओ

गिरणा नदीच्या काठी, जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात, एक जुने दुमजली घर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत त्या घराची साफसफाई चालली असता माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली उतरली. पेटीच्या पुढल्या अंगास मळकट कापड ताणून बसविले होते. त्याखाली काचेची लांबट पट्टी होती आणि पट्टीखाली चार गोल बटणे. त्यांतील एक बटण केव्हाच निखळून गेले होते. त्याच्या जागी नुसती लोखंडी दांडी उरली होती.

"आबा, ही कसली पेटी?" नातीने विचारले.

"अगं, हा आपला रेडिओ! माझ्या वडिलांनी धुळ्याच्या बाजारातून आणला. एस.टी.च्या टपावर ठेवू दिला नाही त्यांनी. घरापर्यंत मांडीवर धरून आणला."

पेटीच्या पाठीमागील पुठ्ठ्यात एक पिवळी पडलेली पुस्तिका खोचलेली होती. तिच्या पानांवर तिकिटे चिकटविलेली होती. त्या काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर सरकारी परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याची फी भरावी लागे. पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत ही पद्धत बंद झाली.

आबांना राहवेना. त्यांनी वायर उलगडली आणि ते भिंतीवरील प्लगाकडे निघाले. इतक्यात नातीचे मामा पुढे झाले. मामा धुळ्यास रेडिओ-दुरुस्तीचे काम करीत.

"आबा, थांबा! इतकी वर्षे निजलेल्या रेडिओला असे एकदम उठवू नये. तो तरी जळेल, नाही तर आपल्याला तरी धक्का बसेल."

मामांचे म्हणणे खरे होते. हा रेडिओ ट्रान्झिस्टरचा नव्हे, व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून टाकलेली काचेची बंद नळी. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्टच्या आसपास विजेचा दाब खेळत असतो. काही जुन्या रेडिओंत तर आतील लोखंडी सांगाडा घरातील विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. अशा रेडिओचे बटण निखळले असेल, तर उघड्या दांडीला लागलेला हात जिवावर बेतू शकतो. शिवाय आतील कंडेन्सर हे विजेचे साठवण करणारे भाग असतात. प्लग काढल्यावरही त्यांत वीज काही काळ टिकून राहते. म्हणून रेडिओची पाठ उघडणे हे जाणत्या माणसाचेच काम. मुलांनी ते लांबूनच पाहावे.

नात लांबूनच पाहत बसली. मामांनी मऊ कुंचल्याने धूळ झाडली, उंदरांनी नेलेल्या कापसाचा बोळा बाहेर काढला. व्हॉल्व्ह मात्र त्यांनी अगदी हलक्या हाताने पुसले; कारण काचेवर छापलेला क्रमांक ओल्या फडक्याने पुसला जातो आणि मग तो व्हॉल्व्ह कोणता, हे ओळखणे कठीण होते. वायरवरील रबर तडकले होते; ती वायर त्यांनी बदलली. कागदी कंडेन्सर काळाने निकामी होतात. तेही त्यांनी नवे घातले. उघड्या दांडीवर बटण बसविले. या कामात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मामांनी एक जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा आणला आणि विजेच्या वाटेवर रेडिओच्या अलीकडे तो जोडला. रेडिओकडे जाणारी वीज आधी दिव्यातून जाईल, अशी ती योजना होती. आत कोठे तारा एकमेकींस चिकटल्या असतील, तर दिवा लख्ख पेटून तसाच राहतो आणि रेडिओ बचावतो. आत सर्व ठीक असेल, तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. आजच्या एलईडी दिव्याने ही परीक्षा होत नाही.

मामांनी बटण फिरविले. दिवा उजळला. आबांचा श्वास जणू थांबला. हळूहळू दिवा मंद झाला.

"जिंकलो!" मामा म्हणाले. त्यांनी दिवा काढून रेडिओ थेट विजेला जोडला. आता चालविण्याचा मान नातीचा होता. डावीकडील बटण तिने उजव्या बाजूस फिरविले. 'कट्' असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. तिने आवाज वाढविण्यासाठी बटण आणखी पिळले.

"हळू!" आबा म्हणाले. "याला तापू दे."

व्हॉल्व्हच्या आत एक बारीक तार असते. ती लाल होऊन तिच्या भोवतालचा भाग पुरेसा तापल्यावाचून त्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, आणि ते सुटल्यावाचून रेडिओ बोलत नाही. यास अर्धा मिनिट सहज लागतो. तोपर्यंत कोणी घाईने आवाज वाढवून ठेवला, तर मागाहून सारे घर दचकते. त्या घरातही तसेच झाले! एकदम मोठी खरखर उठली आणि मांजर दाराबाहेर पळाले.

नातीने आवाज कमी केला. दुसऱ्या बटणाने लहरींचा पट्टा निवडावयाचा असतो. मध्यम लहरी जवळच्या केंद्रांसाठी, लघुलहरी दूरदेशीच्या केंद्रांसाठी. तिने मध्यम लहरी निवडल्या. सर्वांत उजवीकडील बटण फिरविताच काचेमागील काटा सरकू लागला. काचेवर दिल्ली, मुंबई, कलकत्ता अशी नावे इंग्रजीत छापलेली होती. कोपऱ्यात एक हिरवा डोळा चमकत होता. केंद्र जसजसे नीट लागते, तसतशी त्या डोळ्यातील काळी फट मिटत जाते. म्हणून जुने लोक कानांइतकेच डोळ्यांनीही केंद्र लावीत.

तेवढ्यात नातीला काचेवर एक गोष्ट दिसली. ३०० आणि ३२० या आकड्यांच्या मध्ये लाल शाईचा एक लहानसा ठिपका होता. तेथे कोणत्याही गावाचे नाव नव्हते.

"आबा, हा ठिपका कशाचा?"

आबांना ते आठवेना. काचेवरील आकडे लहरींची लांबी मीटरमध्ये सांगतात. मामांनी तिला एक हिशेब दाखविला. तीन लाखांना केंद्राच्या किलोहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटर मिळतात. नात एकेका केंद्राचा आकडा मामांना विचारून भागाकार करू लागली. मामांनी जळगाव केंद्राचा आकडा सांगितला : ९६३. भागाकार आला ३११ पूर्णांक ५.

काटा तेथवर नेला, तो बरोबर लाल ठिपक्यावर थांबला.

मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. जळगावपासून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. त्यामुळे दिवसा तेथील आवाज खान्देशात क्षीण येई. उन्हामुळे आकाशात जो एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो, लहरी अधिक उंचावरील थरावरून परावर्तित होऊन खाली येतात आणि दूरची केंद्रे ऐकू येतात. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरविली. खान्देशाला हक्काचे केंद्र मात्र १९७६ साली, जळगावास मिळाले. हा रेडिओ त्याच्या पुष्कळ आधीचा. काचेवर जळगावचे नाव असणार कोठून?

"आता आठवलं!" आबा म्हणाले. "केंद्र सुरू झालं तेव्हा वडिलांनी माझ्याकडून शाईची दौत मागवली होती. आपलं गाव काचेवर नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे."

संध्याकाळ झाली. गच्चीवर तांब्याची लांब तार बांधल्यावाचून जुना रेडिओ नीट ऐकू येत नाही. पण पश्चिमेकडे ढग दाटून वीज चमकत होती आणि अशा वेळी गच्चीवर तार चढविणे धोक्याचे असते. मामांनी हातभर वायर खिडकीशी टांगली. खरखर फार होती. आईने खोलीतील एलईडी दिवा मालवला, फोनचा चार्जर काढला, तेव्हा ती पुष्कळ कमी झाली. अलीकडे आकाशवाणीची मध्यम लहरींवरील बरीच प्रक्षेपणे बंद झाली आहेत. काटा कित्येक नावांवरून मुकाट्याने पुढे सरकला. मग एके ठिकाणी हिरव्या डोळ्याची फट किंचित मिटली. दूरच्या कोणत्या तरी केंद्रावरून गाणे येत होते. क्षणात मोठे होई, क्षणात विरून जाई.

बाहेर गडगडाट झाला. मामांनी लगेच रेडिओ बंद करून प्लग काढला. तार उद्या सकाळी चढवावयाची, असे ठरले. झोपण्यापूर्वी नातीने बटण फिरवून काटा पुन्हा लाल ठिपक्यावर आणून ठेवला.