परदेशातला किराणा महागला, मग मालवणचा मसाला कितीला विकायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत परदेशातल्या किराण्याचं गणित केलं. फळ्यावर आकडे भराभर पुढे गेले, म्हणून तेच इथे सावकाश मांडतोय. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. वाचून सोडून देण्याचा हा धडा नाही, आकडे घालून सोडवण्याचा आहे.

हा प्रश्न आपला कसा?

मालवण, वेंगुर्ला, देवगड, कुठल्याही वाडीत जा. पूर्वी प्रत्येक घरातला एक चाकरमानी मुंबईला असायचा. आता कुणाचा दुबईला, कुणाचा मस्कतला, कुणाची लेक लंडनला. फोनवर ख्यालीखुशाली झाली की शेवटचं वाक्य ठरलेलं: "मसालो संपलो. कोण येणारो असात तर धाडून दी."

हे ऐकून आपल्यातल्या अनेकांच्या डोक्यात उद्योग सुरू होतो. "तिकडे सगळं महाग झालंय, आपला माल स्वस्त आहे, म्हणजे खपणारच!" मग पाच हजार पाऊच छापून येतात, गिरणीवर मिरची पडते, आणि पहिल्या पार्सलचं कुरिअरचं बिल आलं की घरात शांतता पसरते.

म्हणून आजचा मुद्दा एकच. परदेशातल्या ग्राहकासाठी तुमच्या मालाचा भाव मिरचीपेक्षा जास्त वजन ठरवतं. आणि ग्राहक तो भाव किलोने नाही, एका जेवणाने मोजतो. या दोन गोष्टी समजल्या की काय पाठवायचं, किती पाठवायचं आणि कसं पाठवायचं, हे आपोआप सुटतं.

तिकडचा किराणा महागतो कशाने?

तीन कारणं नीट वेगळी करा, कारण प्रत्येकाचा आपल्यावर वेगळा परिणाम होतो.

पहिलं, त्या देशातली महागाई. अमेरिकेत 2022 या एका वर्षात घरी आणायचा किराणा 11.4 टक्क्यांनी महागला. ब्रिटनमध्ये मार्च 2023 ला अन्नपदार्थांची वार्षिक महागाई 19 टक्क्यांच्या वर गेली होती, 45 वर्षांतली सगळ्यात जास्त. पगार त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे तुमच्या ग्राहकाच्या खिशात तुमच्यासाठी उरणारे पैसे कमी झालेत, हे आधी लक्षात घ्या.

दुसरं, आपल्याच देशाचे निर्णय. 20 जुलै 2023 ला केंद्र सरकारने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. अमेरिकेत भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या, काही दुकानांनी एका कुटुंबाला एकच पोतं दिलं. पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावरही 20 टक्के निर्यात शुल्क लागलं. म्हणजे आपल्या पेजेचा तांदूळसुद्धा सुटला नाही! पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली ती 28 सप्टेंबर 2024 ला. कांद्याचंही तेच: डिसेंबर 2023 ते मे 2024 निर्यात बंद.

तिसरं, वाट आणि जकात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं. 2025 मध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकात-माफी 29 ऑगस्टपासून काढून टाकली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचं पार्सल बुकिंग थांबवलं, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. ज्याचा सगळा धंदा त्या एका वाटेवर होता, त्याचा गणपती-दसऱ्याचा हंगाम असाच गेला.

ग्राहकाच्या दोन याद्या

महागाई आली की परदेशातलं घर किराण्याच्या दोन याद्या करतं. कुणी कागदावर लिहीत नाही, पण करतं.

पहिली पोटाची यादी: तांदूळ, डाळ, पीठ, तेल. हे तो तिथल्या मोठ्या दुकानातून सवलतीत घेतो. आपला उकडा नाही मिळाला तर केरळचा मट्टा तांदूळ आणतो आणि पेज करतो. या यादीत शिरू नका. मोठा आयातदार कंटेनरने आणतो, त्याच्याशी भावात आपण टिकणार नाही.

दुसरी चवीची यादी: मालवणी मसाला, आमसूल, आगळ, तिरफळ, कुळथाची पिठी, वड्याचं पीठ. याला तिथे सहज पर्याय नाही. पण सावध राहा, हात आखडता घ्यायची वेळ आली की ही यादी आधी कापली जाते. मसाल्याशिवाय कुणी उपाशी राहत नाही. म्हणून या यादीतल्या मालाला "परवडतं बुवा" असं वाटायला लावणं हे तुमचं काम.

वजनाचं गणित

खालचे दर उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या कुरिअरवाल्याचा दर विचारा आणि तो घाला. समजा कुरिअर किलोला 700 रुपये.

*उदाहरण 1: उकडा तांदूळ, 5 किलो.* किलोला 60 प्रमाणे माल 300 रुपयांचा. पोत्यासकट वजन साडेपाच किलो, कुरिअर 3,850. एकूण 4,150, म्हणजे किलोला 830 रुपये. तुमचा नफा अजून धरलेलाच नाही. विषय संपला.

*उदाहरण 2: मालवणी मसाला.* पॅकिंगसकट 250 ग्रॅमचं पाकीट तुम्हाला 200 रुपयांना पडतं, असं धरू. चार पाकिटं खोक्यात घातली तर वजन साधारण 1.2 किलो. पण कुरिअरमध्ये बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात. 1.2 चे पैसे दीड किलोने लागतात, 1,050 रुपये. म्हणजे पाकिटामागे 262 रुपये वाहतूक.

आता त्याच खोक्यात पाचवं पाकीट घाला. वजन 1.45 किलो. बिल तेवढंच, 1,050! पाकिटामागे 210. एक पाकीट वाढवल्यावर प्रत्येक पाकिटाचे 52 रुपये वाचले. म्हणून "सुटं एक पाकीट" विकू नका, टप्पा भरेल असा संच विका.

आणखी एक गोम आहे. खोकं मोठं आणि माल हलका असेल तर कुरिअरवाला आकाराचं वजन लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागायचं. 40 × 30 × 20 चं खोकं म्हणजे 4.8 किलो, आत दोन किलो कुरडया असल्या तरी. कुरडई आणि पापड इथेच मार खातात.

पाणी तर अजिबात पाठवू नका. तयार सोलकढी म्हणजे बहुतांश पाणी, आणि ती टिकतही नाही. नारळाच्या दुधाचा डबा दुबईतही मिळतो, लंडनमध्येही मिळतो. आपण द्यायचं ते आमसूल. तेवढंच द्या आणि सोबत सोलकढीची कृती छापून द्या. आगळ द्यायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत, सीलबंद.

आता भाव सांगायचा कसा?

मसाल्याचा हिशोब पुरा करू. माल 200, वाहतूक 210, तपासणी, कागदपत्रं, पैसे येण्याचं शुल्क आणि एखादं हरवलेलं पार्सल यासाठी 50. झाले 460. विक्री किमतीच्या 20 टक्के नफा धरला तर भाव 575 रुपये.

"पाव किलो मसाला 575" ऐकून तुमच्या घरातलेच डोळे मोठे करतील. पण चार माणसांच्या एका सागोतीला साधारण 20 ग्रॅम मसाला धरला, तर पाकिटात 12 वेळा सागोती होते. 575 भागिले 12, म्हणजे एका जेवणाला 48 रुपये, चार माणसांत. परदेशात बाहेर जेवायचं बिल त्याला माहीत आहे. त्याच्यापुढे हे 48 रुपये ठेवा. पाकिटावर ठळक छापा: "12 वेळच्या सागोतीला पुरेल." हा आकडा मात्र खोटा नको. स्वतःच्या चुलीवर मोजून बघा आणि मगच छापा.

सगळ्यात स्वस्त वाहतूक: ग्राहकाची स्वतःची बॅग

सुरुवात कुरिअरने करूच नका, असं मी म्हणेन. तुमचा ग्राहक दर वर्षी-दोन वर्षांनी गावी येतोच. गणपतीला येतो, मे महिन्यात येतो, जत्रेला येतो. परत जाताना त्याच्या विमानाच्या तिकिटात सामानाचं वजन धरलेलंच असतं. त्या वजनाचं भाडं तुमच्या भावात येत नाही. वरच्या हिशोबातले 210 रुपये गेले की तोच मसाला तुम्ही 313 च्या आसपास देऊ शकता, नफ्याचा टक्का तोच ठेवून.

म्हणून परतीची पेटी तयार करा. 2 किलोची एक, 5 किलोची एक. आत मसाला, आमसूल, पिठी, तिरफळ. सगळं सीलबंद, प्रत्येकावर लेबल, आणि वर इंग्रजीत घटकांची यादी, म्हणजे विमानतळावर विचारलं तर दाखवता येईल. आता सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून गोव्यात मोपा विमानतळ आहे, तिथून आखातात जाणारे बरेच जण असतात. निघायच्या चार दिवस आधी ऑर्डर, आदल्या दिवशी पेटी घरपोच. या धंद्याला पाच हजार पाऊच लागत नाहीत, दोनशे पुरतात. आणि ग्राहक दर वेळी काय मागतो ते तुम्हाला समोरासमोर कळतं.

पेटी ही घरच्या वापरापुरती, हे ग्राहकाला सांगा. तिकडे नेऊन विकायचं असेल तर नियम वेगळे.

हे चुकवाल तर ग्राहक अडचणीत येईल

1. खसखस. अनेक घरांत मालवणी मसाल्यात खसखस घालतात. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. माणूस तुरुंगापर्यंत जाऊ शकतो. परदेशी जाणारा मसाला खसखशीशिवायच कुटा. खलबत्ता, गिरणी, चाळण, सगळं वेगळं ठेवा.
2. ॲलर्जीची नोंद. ब्रिटन आणि युरोपात मोहरी आणि तीळ ॲलर्जीच्या यादीत आहेत. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही यादीत आला. मसाल्यात असतील तर लेबलवर ठळक लिहा.
3. ऑस्ट्रेलिया. तिथे उतरताना सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर जाहीर करावा लागतो. पेटीवर तशी चिठ्ठी लावा.
4. तपासणी. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून भारतीय मसाल्यांवर कारवाई केली. तो फटका मोठ्या ब्रँडना बसला. लहान माणसाकडे तर दुसरी संधी नसते. निर्यातीआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवाच.
5. कागद. इथे विकायला एफएसएसएआय नोंदणी लागते. निर्यात करायची तर केंद्रीय परवाना, आयईसी क्रमांक आणि मसाल्यासाठी स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी. अमेरिकेला माल पाठवताना तिथल्या एफडीएकडे आगाऊ सूचना द्यावी लागते.

भाव कुठल्या चलनात?

आखातातल्या ग्राहकाला दिरहॅममध्ये भाव द्या. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. जानेवारी 2022 मध्ये डॉलर 74 रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर 2025 मध्ये तो 90 च्या पुढे गेला. म्हणजे 20 दिरहॅमच्या पाकिटाचे तेव्हा साधारण 403 रुपये आले असते, नंतर 490. ग्राहकाला भाव तोच, तुमच्या हातात 87 रुपये जास्त. मिरची महागली की हीच उशी कामाला येते. मात्र रुपया वधारला तर उशी पातळ होते, म्हणून दर तीन महिन्यांनी हिशोब पुन्हा करा.

गृहपाठ

1. तुमच्या घरात बनणारे पाच पदार्थ लिहा. प्रत्येकापुढे: एका किलोची किंमत, एका जेवणाला लागणारं वजन, आणि तिथे पर्याय मिळतो का.
2. ज्याला पर्याय नाही आणि जेवणामागे वजन कमी, असे दोनच निवडा. बाकीचे सोडा.
3. परदेशातल्या तीन गाववाल्यांना फोन करा. "घेशील का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: "मागच्या वेळी गावातून काय नेलंस, किती दिवस पुरलं, आणि संपल्यावर काय केलंस?"
4. येत्या मे महिन्यासाठी दहा परतीच्या पेट्यांची ऑर्डर आगाऊ पैसे घेऊन मिळवा. दहा मिळाल्या तर पाऊच छापा. नाही मिळाल्या तर तुमचे पैसे वाचले, हाही फायदाच.

तक्ता भरून झाला की कमेंटमध्ये तुमचे दोन पदार्थ लिहा. पुढच्या भागात लेबल बनवू: कुठला मजकूर कुठे आणि किती अक्षरात. तोपर्यंत वजनकाटा जवळ ठेवा!