परिचर्या : एक विद्या

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. या चारांपैकी प्रत्येकाचे चार चार गुणही तेथे मोजून दिले आहेत. परिचारकाचे गुण कोणते असावेत, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थ्यांच्या तोंडी 'दया' किंवा 'प्रेमळपणा' हाच शब्द प्रथम येतो. चरकाचा क्रम निराळा आहे. उपचारांचे ज्ञान, कामातील दक्षता, रोग्याविषयी ममता आणि शुचिता असे ते चार गुण असून ममतेला त्यांत तिसरे स्थान आहे. हा क्रम केवळ छंदाच्या सोयीसाठी आला असेल, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. कारण वैद्याचे गुण सांगतानाही ग्रंथकाराने शास्त्रज्ञानालाच अग्रमान दिला आहे. ज्या देशात इतक्या प्राचीन काळी हा विचार झाला, त्याच देशात रोग्याची परिचर्या हे कोणीही, न शिकता, करावयाचे हलके काम कसे ठरले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या घरांतून आजाऱ्याचे करणे हा आई, आजी आणि सून यांच्या वाट्याचा भाग समजला गेला. बाळंतपणाला घाटावर सुईण येई, आमच्या कोकणी बोलणाऱ्या घरांत तिला वैजीण म्हणत. तिच्या हाताला अनुभव पुष्कळ असे आणि मायाही कमी नसे. परंतु नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे, हे तिला कोणी शिकविलेले नसे आणि त्यापायी कित्येक अर्भके धनुर्वाताने दगावत. ममता पुरेशी असती तर ती बालके जगावयास हवी होती.

युरोपातही फार निराळी स्थिती नव्हती. तेथे धर्मसंघांतील भगिनी रुग्णसेवा निष्ठेने करीत. पण इंग्लंडातील रुग्णालयांत पगारी परिचारिकेचे नाव चांगल्या घरी काढले जात नसे. चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ मध्ये लिहिलेल्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीत सेरी गॅम्प नावाची मद्यपी परिचारिका रंगविली आहे, आणि ते चित्र वाचकांना ओळखीचे वाटले. अशा काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरच्या मुलीने परिचर्या शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात केवढे वादळ उठले असेल याची कल्पना करावी. तिचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडिलांचा विरोध सोसत अनेक वर्षे तिने रुग्णालयांची माहिती वाचून काढली आणि अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझरवर्थ येथे जाऊन तीन महिने प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

क्रिमियाच्या युद्धाची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतून येते, परंतु तिच्यातील महत्त्वाचा भाग बहुधा वगळला जातो. रात्री हाती दिवा घेऊन फिरणारी देवी एवढेच चित्र मुलांच्या मनावर ठसते. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती अडतीस परिचारिकांसह इस्तंबूलसमोरच्या स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तेथे जखमांपेक्षा हगवण, पटकी आणि ज्वर यांनीच अधिक सैनिक मरत होते. स्वच्छ चादरी, गरम अन्न, धुतलेले कपडे यांची व्यवस्था तिने लावली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्या रुग्णालयांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा बेचाळिसांच्या वर गेले होते. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्यविषयक आयोग आला. इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली गेली, पिण्याच्या पाण्याची वाट मोकळी झाली, भिंतींना चुना लागला, आणि जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

युद्धानंतर मायदेशी परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने हे सारे आकडे तपासले. घाण पाणी आणि कोंदट हवा यांनी किती माणसे मारली, हे तिने रंगीत चक्राकार आकृत्यांनी राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. आमच्या मते दिव्यापेक्षा या आकृत्यांचे चित्र शाळांच्या भिंतींवर लावणे अधिक उचित होईल. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीने जे पाहिले ते लिहून ठेवावे, मोजावे आणि त्यावरून कारण शोधावे, ही आधुनिक परिचर्येची सुरुवात तेथे झाली. कृतज्ञ जनतेने जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शिक्षणशाळा उघडली, तेव्हा पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी होत्या.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची नावे सरकारी नोंदवहीत घालावीत, अशी चळवळ पुढे एथेल बेडफर्ड फेन्विक यांनी आरंभिली, तेव्हा तिला नाइटिंगेलबाईंनीच विरोध केला. शील परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे खोटे नव्हे; परंतु रोग्याच्या नातलगांना समोरची व्यक्ती शिकलेली आहे की नाही हे कळण्यास दुसरा उपाय तरी कोणता? न्यूझीलंडने १९०१ साली असा कायदा केला आणि इंग्लंडने १९१९ साली.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण येथील आरोग्याच्या प्रश्नांत त्या आयुष्यभर गुंतल्या होत्या. बेहरामजी मलबारी या समाजसुधारकाचे जे चरित्र दयाराम गिदुमल यांनी १८९२ साली प्रसिद्ध केले, त्याला त्यांनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारी व गिदुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापिले आणि पुढल्या वर्षी पुण्यात रमाबाई रानडे यांनी त्याचे काम उभे केले. पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले व त्यांच्यासाठी वसतिगृह चालविले. त्या काळी हे किती अवघड होते, याची साक्ष एका प्रसंगावरून मिळते. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्या सुशिक्षितांना सर्वांदेखत खडे बोल सुनावले.

आता शिक्षणाविषयी थोडे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचा एक दर्जा ठरविण्याचे काम तिच्याकडे आले. २०२३ साली संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आहे. परिचर्येची पदवी मात्र त्याआधीच, १९४६ पासून, दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाली होती. बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका तीन वर्षांची, आणि सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पदवीसाठी भौतिकी, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. गोमंतकातील मुलांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही; बांबोळीलाच सरकारी परिचर्या शिक्षणसंस्था आहे. 'मुलां'ना असे आम्ही मुद्दाम लिहिले, कारण हा व्यवसाय मुलग्यांनाही खुला आहे.

शिकावयाचे काय, तर शरीररचना, जंतुशास्त्र, औषधांचे गुणधर्म, आहार, मानसशास्त्र. औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पडताळण्याची शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणविली जाते : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात. रात्री तीन वाजता रोग्याचा श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, बोलणे असंबद्ध झाले, हे प्रथम ध्यानात येते ते परिचारिकेच्या, आणि त्याचा अर्थ कळून तिने वेळीच हाक दिली तर माणूस वाचतो.

परिचर्येचा दर्जा कशावरून ओळखावा? अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीवरून, असे आम्ही सांगू. एकाच कुशीवर पडून राहिले की हाडाच्या दाबाखाली कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि तेथे व्रण पडतो. त्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यावयाची नसते. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. चुकले तरच दिसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग या उत्तर कानड्यातील हळदीपूरच्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये, त्याच रुग्णालयात, त्यांच्यावर झालेल्या क्रूर हल्ल्यामुळे त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ तेथील परिचारिकांनी, एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने, त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या अंगावर शय्याव्रण आढळला नाही, आणि २०११ च्या निकालात न्यायमूर्तींनी या परिचारिकांचा मोठ्या आदराने गौरव केला.

परीक्षांचे निकाल लागले की पालक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. मुलीला परिचर्या शिकावयाची आहे असे सांगताना काहींचा आवाज अजूनही खाली जातो. रात्रपाळी असते, लग्न जमताना अडचण येते, ही त्यांची कारणे. रात्रपाळी असतेच, आणि तीत सुरक्षित वाहन व निवास मिळते की नाही, याची चौकशी पालकांनी संस्थेत जाऊन अवश्य करावी. लग्नाच्या अडचणीविषयी आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, आपल्या घरातील कोणी रुग्णालयात असताना रात्रभर ज्या सिस्टरच्या भरवशावर आपण घरी येऊन झोपलात, तिच्या घरी सोयरीक करण्यास आपली हरकत आहे काय?