नव्या टाकीतील मासे का मरतात?

पारगावातील काही घरांत अलीकडे माशांच्या काचेच्या टाक्या आल्या आहेत. टाकी लखलखीत धुवावी, विहिरीचे नितळ पाणी भरावे, त्याच सायंकाळी चार रंगीत मासे आणून सोडावेत, आणि आठवडा लोटतो न लोटतो तोच त्यांपैकी दोन पोट वर करून तरंगू लागावेत, असा अनुभव आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी सांगितला. त्यांचा प्रश्न रास्त आहे. घोडनदीच्या गढूळ डोहात मासे सुखाने नांदतात. मग आरशासारख्या पाण्यात ते का मरावेत?

याचे कारण असे की, ते पाणी नितळ असले तरी नवे असते. मासा आपल्या शरीरातील त्याज्य नत्रद्रव्य बहुतांशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. नवसागर व चुना एकत्र चोळले असता नाकास झोंबणारा जो वास येतो, तो याच वायूचा. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही तोच उत्पन्न होतो. नदीत त्याची विल्हेवाट लावणारे सूक्ष्म जंतू दगडादगडावर वसलेले असतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. तेव्हा मासा स्वतःच्याच विषात कोंडला जातो. त्यातून पाणी क्षारधर्मी असेल व उन्हाळ्याचे दिवस असतील, तर हे विष अधिकच घातक होते.

हे काम जिवंत जंतूंचे आहे, हे कसे कळले त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १८७७ साली श्लेसिंग व म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर मात्र खाली येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले व अमोनिया नाहीसा होत गेला. ही क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास नको होती काय? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. पुढे थोडी बागेची माती कालविलेले पाणी वरून ओतल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली! १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे करून दाखविले. त्यांचे दोन वर्ग आहेत: एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. आपल्या मळ्यातील शेणखत उसास व कांद्यास लागू पडते, तेही बरेचसे याच मंडळींच्या कष्टाने.

आता ते वीस दिवस ध्यानात धरून टाकीकडे वळू. टाकीत धुतलेली वाळू व पाणी भरून हवेचा पंप चालू ठेवावा, कारण या जंतूंस प्राणवायू भरपूर लागतो. पाणी नळाचे असेल तर आधी एकदोन दिवस उघडे ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यावा. माशांस व जंतूंस तो सारखाच मारक आहे. मासे न सोडता रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू मिळाल्यास फार उत्तम. पाणी तपासण्याची औषधे दुकानात मिळतात. त्यांवरून असे दिसेल की प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरू लागून नायट्राइट चढते. येथे पुष्कळांची फसगत होते. नायट्राइटही विषच आहे. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडून प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेपर्यंत थांबावे. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत त्याहूनही अधिक.

काही दुकानदार सांगतात की, आधी दोन स्वस्त, काटक मासे सोडावेत म्हणजे टाकी आपोआप तयार होते. होते हे खरे. परंतु खाद्याच्या चिमटीने जे साधते त्यासाठी मुक्या जिवास महिनाभर विषात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

टाकी तयार झाली की पाणी पुष्कळसे बदलून एकदोनच मासे सोडावेत व बाकीचे सावकाश वाढवावेत, कारण जंतूंची संख्या अन्नाच्या मानानेच वाढते. गाळणीचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका खळबळावा. नळाखाली धरून घासू नये. पुढे दर आठवड्यास थोडे पाणी बदलीत जावे, आणि काढलेले पाणी कुंडीतील मोगऱ्यास घालावे. त्यातील नायट्रेट त्याला खतच होते.