दुधाविना दुधाळ : मालागाचे गास्पाचुएलो

स्पेनच्या दक्षिणेस, आंदालुसियात, भूमध्य समुद्राच्या काठी मालागा हे बंदर आहे. तेथील कोळ्यांच्या घरचे साधे सूप म्हणजे गास्पाचुएलो. नावाचा अर्थ ‘छोटा गास्पाचो’. गास्पाचो थंड पितात, हे मात्र गरम वाढतात. दिसायला ते दुधासारखे पांढरट व दाट. पण त्यात ना दूध असते, ना साय! मग हा दाटपणा येतो कोठून?

साहित्य मोजकेच असते : मासे, बटाटे, अंडे, ऑलिव्ह तेल, लिंबू, मीठ आणि पाणी. माशांची डोकी व काटेसुद्धा वाया जात नाहीत. ती उकळून रस्सा करतात. त्यात बटाटे व मासे शिजवतात. दुसऱ्या भांड्यात अंडे घोटत त्यात थेंबथेंब तेल सोडले, की मेयोनेज तयार होते.

तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत, हे आपण जाणतो. अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात. यालाच इमल्शन म्हणतात. दूध हेही इमल्शनच; म्हणून हे सूप दुधाळ दिसते.

खरी कसोटी शेवटी असते. मेयोनेज एकदम उकळत्या रश्श्यात घातले, तर बलक सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, गुठळ्या होतात आणि तेल वेगळे सुटते. म्हणून आधी थोडा कोमट रस्सा मेयोनेजमध्ये हळूहळू घालून ढवळतात. मग भांडे आचेवरून उतरवून ते मिश्रण त्यात मिसळतात. पुन्हा उकळी आणत नाहीत. आपल्याकडे कढी फुटू नये म्हणून आई बेसन लावते व ढवळत राहते. काळजी तीच, उपाय वेगळा.

अंडे पूर्ण शिजत नसल्याने जंतूंचा धोका राहतो. त्यासाठी पाश्चराइज्ड अंडे वापरणे चांगले.

करून पाहा : दोन बाटल्यांत पाणी व थोडे तेल घ्या. एकीत बलक घाला. अंडे चालत नसेल, तर मोहरीची बारीक पूड घाला. दोन्ही जोरात हलवून दहा मिनिटे ठेवा. काय दिसले, ते वहीत लिहा.

घरात असेल तेवढ्यातच, काही वाया न घालवता, पोटभर जेवण करणाऱ्या त्या कोळी कुटुंबांचे शास्त्र पुस्तकातले नव्हते. ते हाताला कळलेले होते.