प्रार्थनेत मन लागत नाही तेव्हा

प्रश्न : रविवारची मिस्सा, रात्रीची रोझरी सगळं चालू आहे, पण पूर्वीची ओढ उरलेली नाही. श्रद्धा आटली का?

उत्तर : नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली. देवाची जवळीक न जाणवता त्यांनी कितीतरी वर्षं काढली, हे तेव्हा जगाला कळलं. त्यांनी प्रार्थना सोडली नव्हती, सेवाही नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला आजही उपयोगी आहे. मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. प्रार्थनेची ठरलेली वेळ कमी न करता उलट थोडी वाढवावी.

केडगावच्या मुक्ती मिशनचं उदाहरण तर घराजवळचं. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली आणि सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेरीस तिथे आध्यात्मिक जागृतीची लाट उसळली, तोवर दिवसातून दोनदा बसणाऱ्यांची संख्या ५५० झाली होती. लोक ती लाट आठवतात. खरं मोल मात्र आधीच्या त्या पाच महिन्यांचं आहे. आणि त्यानंतरचंही! रमाबाई हिब्रू-ग्रीकचे ग्रंथ पुढ्यात घेऊन बायबलच्या मराठी भाषांतराला बसत. १९२२ साली देह ठेवेपर्यंत त्या याच कामात होत्या.

तेव्हा एकटीने झुरू नये. दोघी-तिघींनी मिळून शुभवर्तमानातला एकच उतारा सावकाश वाचावा, आजाऱ्याच्या घरी जावं, फादरांशी मोकळेपणाने बोलावं. झोप आणि भूकही उडाली असेल तर डॉक्टरांनाही अवश्य भेटावं.