आधी ब्रश, मग कानस!

गॅदरिंगच्या तोंडावर माझ्या हातून एक गुन्हा घडला. होस्टेलच्या कॉमन रूममधल्या पेटीचा एक सूर उतरलेला वाजायचा. मी पडलो मेकॅनिकलचा! "त्यात काय एवढं," म्हणत पेटी उघडली आणि त्या सुराचं टोक ब्लेडने खरवडलं. दोन दिवस ठीक वाजला, मग जो चढला तो चढलाच. शेवटी पेटी बर्डीवर दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबू, आधी ब्रश मारला होता का?"

हा प्रश्न नीट समजून घेऊ. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. आपल्या भाषेत कॅन्टिलिव्हर! मोकळ्या टोकाकडचं पितळ काढलं की वजन घटतं, कंप वाढतात, सूर चढतो. मुळाशी खरवडलं की ताठपणा घटतो, सूर उतरतो. आणि टोकावर धूळ बसली तर? वजन वाढतं, सूर उतरतो. माझ्या सुराला फक्त धूळ लागली होती! मी पितळ काढलं, मग वाजवता वाजवता धूळ झडली आणि सूर चढला. धूळ पुन्हा बसते, पितळ मात्र परत येत नाही.

सूर जुळले हे कसं ओळखायचं? एक २४० कंपांचा आणि दुसरा २४२ चा असेल, तर एकत्र वाजवल्यावर आवाज सेकंदाला २ वेळा डोलतो. डोलणं थांबलं की सूर जुळले.

पण प्रत्येक डोलणं म्हणजे बिघाड नव्हे. आजच्या नेहमीच्या पेटीचं सप्तक पियानोसारखंच १२ समान टप्प्यांचं असतं. प्रत्येक टप्पा सुमारे १.०५९५ पटीचा. सा २४० धरला, तर पेटीचा शुद्ध गंधार ३०२.४ येतो, तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ३०० चा. पंचम मात्र ३५९.६, म्हणजे जवळपास ३६०. पेटीच्या सुरांवरचा वाद जुनाच आहे. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी २२ श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिलं. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली; ती १९७१ पासून सैल झाली. तेव्हा गंधार डोलतो म्हणून कानस उचलू नका. एका सा साठी तो दुरुस्त कराल, तर दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याचं वाटोळं कराल!

आता थोडी निगा:

१. उन्हाळ्यात पेटी कूलरसमोर ठेवू नका. ओलाव्याने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात.
२. वाजवून झाल्यावर भात्यातली हवा काढा, स्टॉप बंद करा, झाकण लावा.
३. पेटीवर चहाचा कप ठेवू नका. (सेकंड इयरवाले, वाचताय ना?)
४. सूर बिघडला तर आधी मऊ, कोरडा ब्रश हलकेच फिरवा. तरी सुधारला नाही, तर जाणकाराकडे न्या.

काकांनी माझा सूर मुळाशी किंचित खरवडून जागेवर आणला. म्हणाले, "दोन्हीकडून पातळ झाला. आता जपून." गॅदरिंग पार पडलं. कॉमन रूमच्या कपाटात आता ब्रश ठेवलाय. ब्लेड मी माझ्या दाढीपुरतंच ठेवलंय!