आपल्या मुळांचा शोध : घराण्याचा आणि गावाचा इतिहास कसा लिहावा?



गेल्या महिन्यात परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी वर्गाला एक प्रश्न विचारला. "आपल्या पणजोबांचे नाव कोणाला सांगता येईल?" एकतीस मुलांपैकी नऊ हात वर झाले. "पणजीचे नाव?" दोनच हात राहिले. "आणि पणजीचे माहेरचे नाव?" एकही हात वर नाही. माझाही नाही. खरे तर माझी पणजी अजून आमच्या ओसरीवर बसून शेंगा फोडते. घरात सगळे तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हणते. तिला दुसरे नाव असेल हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते.

त्या दिवशी मला फार लाज वाटली. गुरुजी म्हणाले, "लाजू नकोस, वही घे." त्या वहीत मी जे शिकले ते तुम्हा सर्वांना उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

१) सुरुवात स्वतःपासून करा

मधल्या पानावर आपले नाव लिहा. वर आई आणि वडील, त्यांच्या वर दोघांचे आईवडील. म्हणजे आईवडील २, आजीआजोबा ४, पणजीपणजोबा ८ आणि त्यांच्या मागची पिढी १६. एक पिढी साधारण २५ वर्षांची धरली तर चार पिढ्या मागे गेलो की आपण सुमारे शंभर वर्षे मागे पोहोचतो. बहुतेकांच्या वहीत वडिलांकडची बाजू भरते आणि आईकडची कोरी राहते. कोरी जागा खोडू नका. कोठे शोधायचे ते तीच आपल्याला सांगते.

२) आधी माणसे, मग कागद

कागद उद्याही कपाटात राहील, म्हातारे माणूस राहीलच असे नाही. म्हणून आधी घरातल्या आणि आळीतल्या वडीलधाऱ्यांकडे जा. जाताना हे लक्षात ठेवा :

(अ) त्यांचे काम चालू असताना जवळ बसा. दळण निवडताना, शेंगा फोडताना बोलणे आपोआप निघते.
(आ) "तुमचा इतिहास सांगा" असे म्हटले की माणूस गप्प होतो. त्यापेक्षा "तुम्ही लहान असताना पाणी कोठून आणायचा?" असे विचारा.
(इ) त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. आपण शहाणपणा करून सुधारू नये.
(ई) एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी विचारा. दोन्ही उत्तरे लिहा.
(उ) एखाद्याला सांगायचे नसेल तर आग्रह धरू नये.

आता अडचण अशी की म्हाताऱ्या माणसांना साल सांगता येत नाही. आक्काला विचारले तर म्हणते, "साल-बिल मला काय ठावं नाय. गांधीबाबाला मारलं तवा मी दुसरीत व्हते." मित्रांनो, हे साल सांगण्यासारखेच आहे! गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी झाली. म्हणून गुरुजींनी आम्हाला पुढील चौकट करून दिली. ती वहीत उतरून घ्या.

सालांची चौकट
• मानमोडीची साथ (इन्फ्ल्युएंझा) : १९१८
• देश स्वतंत्र झाला : १५ ऑगस्ट १९४७
• गांधीजींची हत्या : ३० जानेवारी १९४८
• निजामाचे राज्य संपले : १७ सप्टेंबर १९४८
• महाराष्ट्र राज्य झाले : १ मे १९६०
• कोयनेचा भूकंप : ११ डिसेंबर १९६७
• मोठा दुष्काळ, मिलो आणि सुकडी खाल्ली ती वर्षे : १९७२-७३
• उजनी धरण पूर्ण झाले : १९८०
• किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३

"तुमचे लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर?" असे विचारले की उत्तर लगेच मिळते.

३) कागद कोठे सापडतात?

शाळेचे जनरल रजिस्टर : यात मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची व शाळा सोडल्याची तारीख आणि शेरा असतो. एक गंमत पाहा. आपल्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे का? शेजारच्या आजोबांचीही तीच आहे का? त्या दिवशी गावात इतकी मुले जन्मली नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि जन्माची नोंद नसली की मास्तर अंदाजाने १ जून लिहीत. तेव्हा कागदावर आहे म्हणून प्रत्येक गोष्ट खरीच असते असे नाही.

सातबारा आणि फेरफार : नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते आणि नमुना बारामध्ये पिके असतात. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर का गेली हे फेरफारात लिहिलेले असते. मयत झाल्यावर वारसांची नावे लागतात, म्हणून जुने फेरफार एकामागे एक वाचत गेले की वंशावळ तयार होते.

कोतवाल बुक : गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद. ही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळू शकते. पुढच्या काळातील नोंदी ग्रामपंचायतीत पाहाव्यात.

मोडी कागद : आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी व घरगुती लिखाण मोडीत होत असे. घरातल्या पेटीत मोडी कागद सापडला तर तो रद्दीत घालू नका. त्याला तेलाचा हात लावू नका, चिकटपट्टीही लावू नका. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे, तेथे मोडीतले रुमालच्या रुमाल जपून ठेवले आहेत.

तीर्थक्षेत्रातील वह्या : नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपले कोणी गेले असेल तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत त्यांचे नाव आणि गाव असू शकते. आपल्या दक्षिण भागात हेळवी येत. सुगीनंतर बैल घेऊन दारात यायचे, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, नव्या मुलांची नावे लिहून घ्यायचे आणि धान्य घेऊन जायचे.

४) दगडही बोलतात

मारुतीच्या देवळाजवळ उभे असलेले कोरीव दगड आपण शेंदूर लावलेले देव समजतो. त्यांतले पुष्कळ वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचावा. खाली लढाई किंवा मेलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करताना. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत याची आठवण राहो. दगडावर गाई कोरल्या असतील तर तो वीर गावची जनावरे वाचवताना पडला असे समजतात. बांगड्या भरलेला कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. अशा दगडांवर कपडे धुऊ नयेत, त्यांना रंगही देऊ नये.

५) आपले गाव पाण्यात आहे

आपल्या गावाचा प्रश्न जरा वेगळा आहे. आपण राहतो ते नवे गावठाण. जुने गाव भीमेच्या काठी होते, ते उजनीच्या जलाशयात गेले. धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील कितीतरी गावांची जमीन त्यात गेली. धरणामुळे ऊस आला, सोलापूरला पाणी मिळाले, हे खरे. आपले पार, वेस, चावडी पाण्याखाली गेली हेही खरे. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार खाली गेले की उघडे पडते, तेव्हा माणसे लांबून बघायला येतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात पाणी असेच खाली गेले. तेव्हा वडील आम्हाला जुन्या गावठाणावर घेऊन गेले. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. एक जोते, फुटके जाते आणि विहिरीचा काठ दिसला. वडील म्हणाले, "हे आपलं घर असावं." आजोबा म्हणाले, "नव्हं, ते चावडीचं जोतं." दोघांचे जमेना.

या महिन्यात मी आक्काजवळ बसले आणि कोरा कागद पुढे ठेवला. "आक्का, वेशीतून आत आलं की उजव्या हाताला काय होतं?" तिने डोळे मिटले आणि सांगू लागली. वेस, मारुती, पार, तांबटाचे दुकान, मग चावडी, चावडीमागून घाटाकडे उतरणारी वाट. दोन संध्याकाळी बसून आमचा नकाशा झाला. आजोबांचे बरोबर निघाले. तो नकाशा या लेखाच्या खाली लावला आहे. ज्यांच्या घरी जुने माणूस आहे त्यांनी त्यांना आणून तो दाखवावा. चुकले असेल तर पेन्सिलीने दुरुस्त करावे.

जुन्या गावाचे कागदही आहेत. धरणासाठी जमीन घेताना मोजणी झाली, नुकसानभरपाईचा निवाडा झाला. त्यात घरे, विहिरी आणि झाडेसुद्धा मोजलेली असतात.

६) माझ्या वंशावळीत काय चुकले होते?

आमच्या घरी एक वंशावळ आधीच होती. आजोबांनी ती तहसीलच्या कामासाठी केली होती. पाच पिढ्या, बावीस नावे. मी ती आक्काला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ह्यात मी कुठं हाय गं?"

मी पुन्हा वरपासून पाहिले. बावीसच्या बावीस नावे पुरुषांची होती.

मग मी तिला तिचे माहेरचे नाव विचारले. ती हसली. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं त्या नावानं मला कुणी हाक मारली नाय." आणि तिने ते नाव सांगितले. आजोबासुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होते.

तिचे माहेरचे गावही धरणात गेले, पण तिथली शाळा नव्या जागी गेली तेव्हा जुनी रजिस्टरे पेटीत घालून बरोबर नेली होती. गुरुजींनी चिठ्ठी दिली. वडील आणि मी गेलो. तिथल्या बाईंनी हळूच पाने उलटली आणि नाव सापडले! जन्मतारीख अर्थातच १ जून, साल १९३९. शाळेत प्रवेश १९४६. म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये ती दुसरीत होती. तिने सांगितले ते बरोबर जुळले. शाळा सोडल्याचे साल १९४९ आणि पुढे शेरा : 'सतत गैरहजर.'

घरी येऊन मी तिला ते सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गैरहजर कसली? लगीन लावून दिलं. मला तिसरीचं पुस्तक आणलं व्हतं. कोरं व्हतं."

मित्रांनो, कागद खोटा नव्हता. ती शाळेत येत नव्हती, तेवढेच त्यात लिहिले आहे. का येत नव्हती ते विचारायला माणसाकडेच जावे लागले. म्हणून कागद आणि माणूस दोन्ही लागतात.

पुढे कायदे बदलले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क देण्यासाठी हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये बदल झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आईचे नावही लिहायचे असे आपल्या राज्याने ठरवले. कायदा पुढच्यांसाठी आहे. मागच्यांची नावे मात्र आपणच विचारून लिहायला हवीत.

आक्काचे ते नाव मी येथे लिहिलेले नाही. मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "भिंतीवर नगं लावू, घरच्या वहीत लिव्ह." म्हणून वहीत लिहिले आहे. दुसऱ्याची माहिती लावण्याआधी त्याला विचारावे, हाही नियम आपल्या वहीत लिहून ठेवा. आता आमच्या वंशावळीत एकेचाळीस नावे आहेत. काही जागा अजून कोऱ्या आहेत.

हे करून पाहा

१. आजीचे आणि पणजीचे माहेरचे नाव व गाव विचारून लिहा.
२. घरातील एका जुन्या वस्तूची माहिती पाच ओळींत लिहा. कोणी आणली? कधी? का ठेवली?
३. शिवारातील दहा शेतांची नावे गोळा करा. ती नावे कशावरून पडली ते विचारा.
४. एकाच घटनेबद्दल दोन माणसांची उत्तरे लिहा. त्यांत काय सारखे, काय वेगळे?

पालकांना विनंती : मुले प्रश्न विचारतील तेव्हा "तुला काय करायचंय?" असे म्हणू नका. पाच मिनिटे द्या. तुम्हालाही आठवत नसेल तर दोघे मिळून आजीकडे जा.

मी काल वही मिटली तेव्हा आक्का म्हणाली, "झालं का समदं लिवून?" मी नाही म्हटले. तिला अजून तिसरीचे पुस्तक वाचून दाखवायचे आहे. ते मी शाळेच्या ग्रंथपेटीतून आणले आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी